उंची : तेरा परस

शिरूरला मी ज्या घरात भाड्याने राहत होते, त्या घराच्या जिन्याला चौदा पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरीवर पांढऱ्या ऑइलपेंटने एकेका शिखराचं नाव लिहिलेलं होतं. सगळ्यात खाली शिशापांगमा, सगळ्यात वर एव्हरेस्ट. जगात आठ हजार मीटरच्या वर चौदाच डोंगर आहेत आणि आपल्याही जिन्याला चौदाच पायऱ्या आहेत, हा योगायोग नव्हता. "गवंड्यानं पंधरा धरल्या हुत्या," घरमालक सांगत. "म्या म्हटलं, एक काढ." गवंड्याने सांगितल्याप्रमाणे काढली. त्यामुळे शेवटची पायरी बाकीच्यांच्या दुप्पट उंच झाली आणि एव्हरेस्टवर पाय टाकताना नव्या पाहुण्याचा हमखास तोल जाऊ लागला. कुणी कुरकुर केली की घरमालक म्हणत, "एव्हरेस्ट हाय त्ये. सोपं कसं आसंल?"

अख्खं शिरूर त्यांना चाचा म्हणायचं, मीही चाचाच म्हणायचे. त्यांच्या बायकोला चाची. पाचवी पायरी अन्नपूर्णेची. चाची त्या पायरीवर बसून लसूण सोलायची. जागा उन्हाची होती म्हणून. चाचा जाता-येता तिला बजावत, "आगं, लई माणसं खाल्ल्यात या अन्नपूर्णेनं."

"म्हणून तर हिच्या उरावर बसते," चाची म्हणायची. "बघू मला कशी खाती."

विजेचं बिल धौलागिरीवर पडायचं. शेजारच्यांची मांजर मकालूवर झोपायची. मी कॉलेजातून आले की खालच्या खोलीतून आवाज यायचा, "कुठवर आलीस?" आणि मी "मनास्लू!" असं ओरडून उत्तर द्यायचे. पहिल्या आठवड्यात मला हे सगळं वेडेपणाचं वाटलं. तिसऱ्या आठवड्यात चौदाही नावं पाठ झाली. भूगोलाच्या कुठल्याही बाईंनी मला इतक्या लवकर काही शिकवलेलं नव्हतं.

मी कवठे येमाईची. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. मुलीला शिरूरला कॉलेजसाठी ठेवायचं म्हटल्यावर चुलत्यांनी शंभर शंका काढल्या. वडील त्यांना एवढंच म्हणाले, "त्या माणसानं आपली हीर खांदली. धा माणसं खाली उतरली, धाच्या धा वर आली. त्याच्या घरात पोरगी ठेवायला मला भ्याव न्हाई." माझं शिक्षण या एका वाक्यावर उभं आहे, आणि ते वाक्य ज्यांच्यामुळे निघालं त्या माणसाविषयी मला लिहायचं आहे.

चाचा विहिरी खोदायचे. चाळीस वर्षं तोच धंदा. विहिरीच्या काठावर उभी करायची लोखंडी यारी, तिचं इंजिन, दगड-माती वर ओढायची बादली आणि आठ-दहा माणसं, एवढा त्यांचा कारखाना. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत ते फिरायचे. माणूस ठेंगणा, खांद्यांनी रुंद, हाताचे पंजे फावड्यासारखे. पहिल्या दिवशी सगळ्यांआधी आपण उतरायचं आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांच्या मागून वर यायचं, हा त्यांचा नेम. हिमालय त्यांनी पाहिलेला नव्हता. हिमालयच काय, सिंहगडही धड पाहिलेला नव्हता.

आमच्याकडे विहिरीची खोली परसांत सांगतात. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. चाचांनी मागच्या भिंतीला उभं राहून, हात वर करून, कोळशाने खूण करून घेतली होती. ती बरोब्बर सात फुटांवर आली. तेव्हापासून जगातल्या सगळ्या डोंगरांना त्यांनी सातने भागलं. एव्हरेस्ट चार हजार एकशे सत्तेचाळीस परस. कांचनजंगा चार हजार चोवीस. आपली कळसूबाई सातशे एकाहत्तर. मी एकदा म्हटलं, "चाचा, सगळं जग मीटरमध्ये मोजतं."

"मीटर कुणी बघितलाय?" ते म्हणाले. "परस म्हटलं की माणूस दिसतो. एकाच्या डोक्यावर एक, चार हजार माणसं हात वर करून उभी. मग कळतं केवढा हाय गडी."

एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात त्यांची थट्टा रोजचीच. "चाचा, एव्हरेस्टवर यारी कवा लावायची?" किंवा "चाचा, तिथं पाणी किती परसावर लागंल?"

"तिथं पाणी वरच हाय, गोठलेलं," चाचा बशीतला चहा फुंकत म्हणायचे. "तुज्यासारका येक रिकामा माणूस पायजे, खाली आणायला. येतो का?"

हे वेड कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. मांडवगण फराट्याला विहीर चालू होती. दुपारी भाकरी वरून बादलीतून खाली यायची, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली. त्या दिवशीच्या कागदावर एक फोटो होता. बर्फाची धार आणि तिच्यावर दोन माणसं, मधे दोर.

"दोगं बी मरणाच्या जागी उभी," चाचा म्हणाले. "आन् वरचा माणूस फोटोवाल्याकडं बगत नव्हता, मावळत्या सूर्याकडं बगत नव्हता. दोराकडं बगत हुता. म्या नऊ परस खाली बसून भाकर खातोय, आन् मला कळलं, ही आपलीच माणसं हायेत. फकस्त दुसरीकडं तोंड करून निगाल्यात."

चाचा चौथीपर्यंत शिकलेले. छापील मजकूर वाचायला त्यांना वेळ लागे. म्हणून संध्याकाळी मी वाचनालयातून पुस्तकं आणायचे आणि ते दोर तपासत बसलेले असताना मोठ्याने वाचायचे. चढाईच्या मोहिमांची जेवढी मराठी पुस्तकं तिथे होती तेवढी आम्ही वाचली, मग पुन्हा वाचली. त्यांची ऐकण्याची रीत वेगळी होती. लेखक सूर्योदयाचं वर्णन करू लागला की ते अस्वस्थ व्हायचे. "ऊन पडलं, कळलं. फुडं चल. मेख कुठं ठोकली ते वाच." कुणी मेलं की वाचन थांबवून ते विचारायचे, "दोर तुटला का गाठ सुटली?" पुस्तकात ते दिलेलं नसलं तर लेखकावर चिडायचे. "मग कशापायी लिवलं? फुडच्या माणसानं काय शिकायचं?"

कांचनजंगावर पहिल्यांदा चढलेली माणसं माथ्याच्या काही फूट खाली थांबली, कारण तिथल्या लोकांसाठी तो डोंगर पवित्र आहे आणि माथ्यावर पाय ठेवणार नाही असा शब्द दिलेला होता, हे मी वाचलं तेव्हा त्यांच्या हातातला दोर थांबला. मग म्हणाले, "चार हजार परस चढले आन् शेवटचा सोडला?"

"हो."

"कुणी बगायला नव्हतं तरी?"

"कुणीच नव्हतं."

दुसऱ्या दिवसापासून बाराव्या, म्हणजे कांचनजंगाच्या पायरीवर पाय द्यायला बंदी आली. ल्होत्सेवरून एकदम के-टूवर उडी मारायची. त्याच्यापुढे दुप्पट उंचीचं एव्हरेस्ट होतंच. चाचीने एकदा गव्हाचं पोतं वर न्यायला हमाल बोलावला. तो हमाल अकराव्या पायरीवर थांबून म्हणाला, "चाची, हे घर हाय का सर्कस?"

दुसऱ्या वर्षी मी गणितात नापास झाले आणि पेटी भरून गावी निघाले. चाचा म्हणाले, "जायाच्या आधी येक काम कर. माज्यासंगं पाटसला चल." पाटसजवळ त्यांची तेरा परसांची विहीर चालू होती. त्यांनी माझ्या डोक्यावर हेल्मेट घातलं, मला बादलीत उभं केलं, स्वतः शेजारी उभे राहिले आणि यारीवाल्याला हाक दिली, "सोड!" खाली जाताना मी डोळे मिटून घेतले होते. तळाला ओला खडक आणि सुरुंगाच्या दारूचा वास होता. त्यांनी विचारलं, "भ्याव वाटतंय?"

"खूप."

"मला बी वाटतं. चाळीस वर्सं झाली, रोज. भ्याव वाटतंय म्हंजी डोकं चालू हाय. ज्या दिवशी वाटणार न्हाई त्या दिवशी म्या उतरणार न्हाई." मग म्हणाले, "गणिताला घाबरतीस ना? मग तुजं डोकं चालू हाय. बस परत परीक्षेला."

मी बसले. आज माझ्या नावापुढे बी.एस्सी. आहे आणि रांजणगावच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत नोकरी आहे. हे सगळं तेरा परस खाली ठरलं.

नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षीच मी एक जाहिरात पाहिली. पुण्याची एक संस्था मनालीच्या वर सतरा हजार फुटांहून उंच असलेल्या एका शिखराची मोहीम नेणार होती. वयाची अट साठच्या आत. चाचा तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. नवख्यांना वरच्या कॅम्पपर्यंतच नेणार, अनुभव असलेल्यांना माथ्यापर्यंत. मी जाहिरात वाचून दाखवली. चाचांनी एकच प्रश्न विचारला, "किती परस?"

"चोवीसशेच्या वर."

"भर फारम."

फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'पूर्वीच्या चढाया : ठिकाण व उंची'. मी पेन थांबवलं. "चाचा, इथे डोंगर लिहायचे असतात."

"यारीचं इंजन बंद पडलं तर म्या वर कसा येतो? उडून?"

"चढून."

"मग ल्ही की."

मला ते पटलं. खरोखर पटलं. मी प्रामाणिकपणे लिहिलं : कवठे येमाई, अकरा परस. मांडवगण फराटा, नऊ परस. पाटस, तेरा परस. रकाना तिथेच संपला, आणि या विहिरी आहेत हे लिहायला जागा उरली नाही. आमच्याकडे परस म्हटलं की विहीर आलीच. ते वेगळं सांगावं लागतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

चार दिवसांनी पुण्याहून फोन आला. चाचांनी तो स्पीकरवर टाकला. बोलणारा तरुण होता आणि फार अदबीने बोलत होता.

"काका, फॉर्म बघितला. उंचीच्या जागी तुम्ही कड्याची ग्रेड लिहिलीत. परस ही ग्रेड आम्ही ऐकली नव्हती, पण तेरा म्हणजे अवघडच असणार. पहिले तुम्हीच जाता?"

"व्हय. माज्या आधी कुणाला सोडत न्हाई."

"आणि बोल्टिंग? भोकं मशीनने पाडता की हाताने?"

"पयलं हातानंच पाडायचो, छन्नी आन् घण. आता मशीन हाय."

"हाताने? काळ्या पाषाणात?"

"मग काय मेणात?"

पलीकडे त्याने कुणाला तरी हळूच सांगितलेलं आम्हाला ऐकू आलं, "अरे, जुन्या पिढीतले आहेत. हाताने बोल्टिंग केलेलं आहे!" कडा चढणारी माणसं खडकात भोक पाडून त्यात कडी बसवतात, हे मला फार नंतर कळलं. चाचांची भोकं सुरुंगाची होती. फोन ठेवल्यावर ते खूश होऊन म्हणाले, "पोरगं जाणकार हाय. समदं धंद्याचं इचारलं."

त्यांचं नाव अनुभवी गटात आलं, माझं नवख्यांत. मी बरोबर जावं, ही चाचीची अट होती. तयारी म्हणून चाचा रोज पहाटे पाठीवर वाळूची गोणी घेऊन जिना चढायचे-उतरायचे, पन्नास वेळा, बारावी पायरी वगळून. दौंडला त्यांची मुलगी दिलेली आहे. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना पळत्या पट्ट्यावर चालवलं. पट्टा थांबवून ते म्हणाले, "चाचा, फुप्फुसं कुणाची आणलीत?" दिल्लीची गाडी आम्ही दौंडहूनच पकडली. फलाटावर चाचीने त्यांच्या हातात लसणीच्या चटणीचा डबा दिला आणि म्हणाली, "वरून पडलात तर घरात घेणार न्हाई."

वरच्या कॅम्पवर पोहोचेपर्यंत सगळं उत्तम चाललं होतं. चाचांना ना डोकेदुखी, ना धाप. बुटांना बांधायचे लोखंडी काटे त्यांनी एका दिवसात आपलेसे केले. डोंगर दिसले तेव्हा मला वाटलं, ते काहीतरी मोठं बोलतील. ते फक्त पाहत राहिले आणि मान हळूहळू वर करत गेले. त्यांच्या डोक्यावरची लोकरी टोपी मागे पडली, तरी त्यांना कळलं नाही. मी ती उचलून दिली. दुपारच्या नमाजासाठी पश्चिम कुठली, हे त्यांनी लीडरला विचारलं आणि लीडरने होकायंत्र काढून दाखवली. लीडर म्हणजे फोनवरचा तोच तरुण. तिशीचा, काटक, फार जपून वागणारा.

त्या दिवशी जेवणाच्या तंबूत खिचडी खाताना तो कौतुकाने म्हणाला, "काका, परत गेल्यावर आम्हाला एकदा तुमच्या त्या पाटसच्या कड्यावर न्या."

"कडा?" चाचांनी घास थांबवला. "पाटसला कुठला कडा? सपाट रान हाय समदं. हीर हाय ती."

तंबूत कुणाला काही समजेना.

"विहीर?" लीडर म्हणाला. "म्हणजे तेरा परस…"

"खोल."

मागून एक मुलगा हसला, "म्हणजे सगळा अनुभव मायनसमध्ये!" मग दोघं-तिघं हसले. लीडर हसला नाही. त्याचा चेहरा उतरला होता. "काका, तुम्ही आजपर्यंत एकही डोंगर चढलेला नाही?"

"सिंहगड."

"चढून?"

"जीपनं. पिठलं-भाकर खायला."

लीडरने ताट खाली ठेवलं. तो ओरडला नाही. म्हणाला, "काका, चूक आमची आहे, आम्ही नीट विचारायला हवं होतं. पण ही सगळी माणसं माझ्या जबाबदारीवर आहेत. तुम्हाला वर नेता येणार नाही. उद्या सकाळी पोर्टर खाली जाणार आहे, त्याच्याबरोबर तुम्ही उतरा."

मी उभी राहिले. "सर, फॉर्म मी भरला. चूक माझी आहे. त्यांनी काही लपवलेलं नाही."

"बस खाली, पोरी," चाचा म्हणाले. "लीडरचं बरुबर हाय. दोर ज्याच्या हातात, त्यो म्हणंल तसं. त्यानं न्हाई म्हटलं की न्हाई." ते उठून बाहेर गेले. ताटातली खिचडी तशीच होती. इतक्या वर्षांत त्यांनी ताटात अन्न टाकलेलं मी पाहिलेलं नव्हतं.

सकाळी त्यांची सॅक भरून तयार होती. पोर्टरचा अजून चहा चालला होता. कॅम्पच्या वर, थोड्या अंतरावर, बर्फात एक लांब भेग होती. माथ्यावर जाणाऱ्या गटाचा तिथे सराव होता. एकाला दोराने भेगेत सोडायचं आणि बाकीच्यांनी वर काढायचं. कारण अशा भेगांवरून वाट जाते आणि कुणी पडलं तर काढता आलं पाहिजे. लीडरने विचारलं, "आत कोण जातं?" भेग वर निळी होती आणि खाली काळी. सगळे वाकून पाहत होते आणि कुणीच पुढे होत नव्हतं.

चाचा पोर्टरची वाट पाहत बाजूला उभे होते. ते भेगेकडे पाहत नव्हते. ते दोराकडे पाहत होते आणि दोरावरून मागे मागे जात त्यांची नजर बर्फात ठोकलेल्या ॲल्युमिनियमच्या लांब मेखेवर गेली. ते तिच्याजवळ गेले, उकिडवे बसले आणि मेखेच्या बुडाशी त्यांनी दोन बोटं ठेवली.

"लीडरसाहेब, ही हलतीया."

"काका, ती आत्ताच ठोकली आहे."

"ठोकली तवा सावली हुती. आता ऊन आलंय."

लीडरने येऊन मेख दोन्ही हातांनी ओढली. ती लोण्यातून सुरी निघावी तशी अर्धी वर आली. लीडरने मेख काढली, सावलीत दुसरी जागा निवडली, तिथे एकाऐवजी दोन ठोकल्या आणि मग चाचांकडे वळून पाहिलं.

"या दोन?"

चाचांनी बोटं लावून पाहिली. "या बोलत न्हाईत, घट्ट हायेत." मग म्हणाले, "आता सोडा मला. चाळीस वर्सांची सवय हाय. जाता जाता येवढं करून जातो."

ते उतरले. पाठ टेकवून, पाय रोवून, अजिबात घाई न करता. आत गेल्यावर त्यांचा तोच आवाज आला, जो मी पाटसला ऐकला होता. "सोड… सोड… थांब." तळाशी गेल्यावर खालून खणखणीत आवाज आला, "कोरडी हाय! हितं खांदून उपेग न्हाई!" काल हसलेला मुलगा पुन्हा हसला, पण आज ते हसणं वेगळं होतं.

ठरल्याप्रमाणे वरच्यांनी त्यांना ओढायचं होतं. पाच जण दोराला लागले, पण त्यांची ओढ एकत्र येईना. खालून चाचा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. दोर निस्ता ताणून धरा." आणि एका भिंतीला पाठ, दुसऱ्या भिंतीला काटे लावत ते स्वतःच वर आले. काठाशी आल्यावर त्यांनी गुडघा टेकवला नाही. आधी हात, मग पाय, मग उभे. लीडर त्यांच्या पायांकडे पाहत होता.

"काका, दोर तुटल्यावर असे किती वेळा वर आलात?"

"दोर कवाच तुटला न्हाई. तुटायच्या आधी बदलतो. इंजन बंद पडतंय, तवा. मोजलं न्हाई."

लीडरने पोर्टरला हाक मारून सांगितलं, "तू जा. एकटाच जा." आणि चाचांना म्हणाला, "माझ्या दोरावर, माझ्या मागे. मी वळ म्हटलं की वळायचं."

"तुमच्या हातात दोर," चाचा म्हणाले. आणि जाऊन आधी कालची खिचडी गरम करून मागितली.

माथ्यावर जायचा दिवस उजाडला तेव्हा आठ जण केव्हाच वर निघालेले होते. आम्ही नवखे कॅम्पवर थांबलो. माझ्या हातात दुर्बीण होती आणि स्वयंपाक्याजवळ वायरलेस. वर पांढऱ्या उतारावर आठ ठिपके. संस्थेची जाकिटं सगळ्यांची एकाच नारिंगी रंगाची, त्यामुळे कोण कोणता ते कळत नव्हतं. मी ठिपके मोजायचे, पुन्हा मोजायचे. स्वयंपाकी म्हणाला, "दीदी, गिनने से जल्दी नहीं चढ़ेंगे."

माथ्याच्या खाली एक खडी धार होती. तिथे ठिपके थांबले. फार वेळ थांबले. वायरलेसवर नुसती खरखर. मग मी पाहिलं की दोन ठिपके मागे वळले आहेत आणि खाली येत आहेत. सहा तिथेच.

वायरलेसवर लीडरचा तुटक आवाज आला, "…एकाला त्रास… परत पाठवतोय… सोबत…" पुढचं ऐकू आलं नाही.

मला खात्री वाटली, ते चाचाच. वय अठ्ठावन्न. सिंहगडसुद्धा जीपने. आणि फॉर्म माझ्या हाताने भरलेला. मी दुर्बीण त्या दोन ठिपक्यांवरून काढली नाही. पुढचा माणूस दहा पावलं चालायचा आणि बर्फात बसायचा. पुन्हा दहा पावलं, पुन्हा बसायचा. तिसऱ्यांदा तो बसला तेव्हा माझ्या ध्यानात आलं की चाचा बसत नाहीत. काम संपेपर्यंत ते कधीच बसत नाहीत. मी दुर्बीण वर केली. वरचे सहा ठिपके पुन्हा हलले होते. धारेवर एकामागून एक. दुसरा ठिपका इतरांपेक्षा आखूड होता आणि त्याचा एक हात सतत दोरावर होता.

मी स्वयंपाक्याचा हात धरून ओढला. "दुसरा! दुसरा बघा!"

वायरलेस वाजला तेव्हा ऊन डोक्यावर येत होतं. "कॅम्प, कॅम्प. आम्ही माथ्यावर आहोत. सहा जण, सगळे ठीक." कॅम्पवर सगळ्यांनी आरडाओरडा केला. कुणीतरी ताटावर डाव बडवला. मग लीडर म्हणाला, "थांबा, काका बोलणार आहेत," आणि चाचांचा आवाज इतक्या जोरात आला की वायरलेस नसता तरी चाललं असतं.

"पोरी!"

"चाचा! पोचलात?"

"आगं, वर कुणीच न्हाई!"

मला कळेना. "कोण नाही, चाचा?"

"कुणीच न्हाई! चाळीस वर्सं मान वर केली की कुणी ना कुणी हायच. यारीवाला हाय, मालक हाय, मालकाचा पाव्हणा हाय, वाकवाकून इचारतोय, झालं का, झालं का. आज मान वर केली तर निस्तं आभाळ! आन् हिरीतल्यासारकं ताटायेवढं न्हाई, समद्या बाजूनं! माज्या खाली बी हाय, पोरी!"

स्वयंपाक्याने वायरलेस माझ्या तोंडाजवळ धरला, तरी मी नुसती रडत होते आणि हसत होते. तेवढ्यात लीडरचा आवाज आला. तो चाचांना सांगत होता, "काका, बास आता. ढग येताहेत. खरं अवघड काम पुढे आहे. उतरताना माणसं घाई करतात. तर पाय कसा टाकायचा ते नीट ऐका—"

"लीडरसाहेब," चाचा म्हणाले, "चढायचं तुमी शिकवलं, उपकार झाले. उतरायचं मला शिकवू नगा."

वर बाकीचे पाचही जण हसत सुटले. त्या हसण्याच्या वरून चाचांची हाक आली, "पोरी, च्या ठेव! निगालो!"